ड्रोनचा लॉग अपलोड करण्याआधी

ड्रोन हवेत असताना तुमचं लक्ष पडद्यावरच्या दृश्याकडे असतं आणि ड्रोन तिकडे नोंदी लिहीत असतो. साधारण सेकंदाला दहा वेळा. म्हणजे २० मिनिटांच्या एका उड्डाणात १२,००० ओळी: कुठे आहे, किती उंचीवर, किती वेगाने, बॅटरीतल्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज किती, तुम्ही रिमोटच्या काड्या कुठल्या बाजूला ढकलल्या, कुठली धोक्याची सूचना आली आणि ती येऊनही तुम्ही पुढे गेलात का. यालाच लॉग म्हणायचं. पॉडकास्टवर बोलताना असे आकडे हवेत विरून जातात, म्हणून हे जरा सावकाश इथे.

डीजेआयचा ड्रोन असेल तर ही फाइल तुमच्या फोनमध्ये, अ‍ॅपच्या फ्लाइटरेकॉर्ड फोल्डरमध्ये पडलेली असते. नाव साध्या टेक्स्ट फाइलसारखं, पण आतला मजकूर सांकेतिक केलेला. एक्सेलमध्ये उघडलीत तर कचरा दिसेल. त्यामुळे बहुतेक जण ती एअरडेटासारख्या ऑनलाइन सेवेला देतात. दोन मिनिटांत नकाशा, आलेख, बॅटरीची तब्येत, असं सगळं समोर येतं. सेवा चांगल्या आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. फक्त अपलोडचं बटण दाबताना आपण नेमकं काय देतोय हे कळलेलं असावं.

आधी फायद्याचं बोलू. पडद्यावर दिसणारी बॅटरीची टक्केवारी हा अंदाज असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये यूकेच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीने, म्हणजे सीएएने, डीजेआयच्या मॅट्रिस २०० मालिकेतल्या आणि इन्स्पायर २ ड्रोनबद्दल इशारा काढला होता. बॅटरी पुरेशी शिल्लक दिसत असतानाच काही ड्रोनची वीज हवेतच गेली आणि ते पडले. टक्केवारीमागचं खरं चित्र लॉगमध्ये शोधायचं असतं. एका सेलचा व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा सतत खाली जातोय, जोरात वर चढवताना तो अचानक घसरतोय, ही बॅटरी म्हातारी झाल्याची खूण. स्कॉटलंडच्या थंडीत हे आणखी ठळक होतं, कारण गारठ्यात सेलचा अंतर्गत रोध वाढतो. एका उड्डाणातून हे कळत नाही, पण तीस उड्डाणं शेजारी-शेजारी ठेवली की कळतं. अशा सेवेचा खरा उपयोग हाच आहे.

उंचीच्या बाबतीत मात्र लॉग फसवतो. यूकेत मर्यादा १२० मीटरची, आणि ती जमिनीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपासून मोजायची. लॉगमधली उंची असते ती तुम्ही जिथून उडवलंत तिथपासूनची. समजा, पीक डिस्ट्रिक्टमधल्या एका टेकडीच्या माथ्यावर तुम्ही उभे आहात. (टेकडी नॅशनल ट्रस्टची नाही ना, ते आधी बघा, त्यांच्या जमिनीवरून परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.) तुम्ही ५० मीटर वर गेलात आणि मग सरळ दरीवर लांब गेलात. लॉग शेवटपर्यंत ५० दाखवेल. खाली जमीन २०० मीटर खोल गेलेली असेल, तर तुम्ही केव्हाच मर्यादा ओलांडलेली असेल. उलटंही होतं. डोंगर चढत जाणाऱ्या उतारावरून उडवलंत, तर लॉगमध्ये १५० दिसेल आणि तुम्ही पूर्ण नियमात असाल. नुसत्या आकड्यावरून कोणी तुम्हाला दोषी किंवा निर्दोष ठरवत असेल तर त्याला नकाशा उघडायला लावा.

आता दोषी-निर्दोषाचं. १९ डिसेंबर २०१८ च्या रात्री गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याची खबर आली. ऐन नाताळच्या तोंडावर धावपट्टी वारंवार बंद ठेवावी लागली आणि सुमारे १,००० उड्डाणं आणि १,४०,००० प्रवासी अडकले. ससेक्स पोलिसांनी जवळच्याच क्रॉली गावातल्या एका जोडप्याला पकडलं, सुमारे ३६ तास ठेवलं आणि आरोप न ठेवता सोडलं. तोवर त्यांची नावं आणि फोटो वर्तमानपत्रांत झळकले होते. नवऱ्याला मॉडेल हेलिकॉप्टरचा नाद होता, एवढं निमित्त. तो त्या वेळी कामावर होता, हे त्याच्या मालकाने सांगितलं. २०२० मध्ये पोलिसांनी तडजोड केली: ५५,००० पौंड भरपाई आणि १,४५,००० पौंड वकिलांचा खर्च. ड्रोन कोणाचा, हे आजही सिद्ध झालेलं नाही.

तुमच्याकडे लॉग असता तर? त्या वेळी तुमचा ड्रोन भलतीकडे उडत होता, एवढं तो दाखवू शकला असता. ड्रोन उडतच नव्हता, हे लॉग दाखवू शकत नाही. नोंद नसणं हा पुरावा होत नाही. त्या माणसाच्या बाजूने उभा राहिला तो हाडामांसाचा माणूस. तरीही, व्हिसाचं नूतनीकरण डोक्यावर असलेल्या कुणालाही मी सांगेन की मूळ फाइल जपून ठेवा. सेवेवर दिसतो तो तिचा अर्थ लावलेला अवतार. मूळ फाइल तुमच्याकडे असली की कुणीही ती पुन्हा तपासू शकतो.

आता काय देतोय ते. लॉगमधली सगळ्यात नाजूक ओळ पहिलीच असते, होम पॉइंट. तुम्ही उभे होता ती जागा, काही मीटरच्या अचूकतेने. यूकेतल्या एका पोस्टकोडमध्ये सरासरी १५ घरं येतात, आणि लॉग त्यातलं नेमकं घर दाखवतो, कारण नवा ड्रोन आपण पहिल्यांदा मागच्या बागेतच उडवून बघतो ना! एक उड्डाण कुणाला सापडलं तर विशेष नाही. शंभर सापडली तर तुमचं घर, तुमचे शनिवार, आणि घरात हजार पौंडांचं सामान आहे ही माहिती, सगळं हाती लागतं. स्ट्राव्हाचं उदाहरण आठवा. धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्या लोकांच्या नोंदी नावं काढून एकत्र करून त्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की त्यात वाळवंटातले लष्करी तळ उजळून निघालेत. नावं काढली होती, पण रोज एकाच कुंपणाच्या आत धावणारे पाय तसेच राहिले होते.

‘पण रिमोट आयडी तर आता सगळं हवेत ओरडून सांगतोच,’ असं कुणी म्हणेल. १ जानेवारी २०२६ पासून यूकेत नव्या वर्गचिन्हाच्या बहुतेक ड्रोनना तो लागू झाला, आणि १०० ग्रॅम किंवा त्यावरच्या जुन्या कॅमेरा-ड्रोनना १ जानेवारी २०२८ पर्यंत मुदत आहे. तो उडताना आसपासच्यांना ऐकू जातो. उडवणाऱ्याचं नाव त्यात नसतं. (त्याआधीचा डीजेआयचा ड्रोनआयडी संदेश सांकेतिक नसतो आणि त्यात उडवणाऱ्याची जागाही असते, हे बोखुमच्या रुर विद्यापीठातल्या आणि सिस्पा केंद्रातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं होतं.) लॉगचा मामला वेगळा. तो साठतो, शोधता येतो आणि तुमच्या ईमेलला जोडलेला असतो.

म्हणून माझी पद्धत अशी. आपोआप सिंक बंद ठेवायचं आणि बॅटरी तपासायची असेल तेव्हाच निवडक फाइली हाताने चढवायच्या. खात्यातली उड्डाणं सार्वजनिक होत नाहीत ना, हे पहिल्याच दिवशी बघायचं. मित्राला नकाशाची लिंक पाठवण्यापेक्षा चित्र काढून पाठवायचं, म्हणजे त्यात होम पॉइंट कापता येतो. आणि सेवा सोडताना खातं नुसतं विसरून जायचं नाही. यूकेच्या डेटा संरक्षण कायद्याखाली आपली माहिती मागण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आहे, तो वापरायचा. कामासाठी, सीएएच्या ऑपरेशनल ऑथरायझेशनवर उडवत असाल तर मात्र उड्डाणांच्या नोंदी ठेवणं ही अटच आहे, तिथे पुसापुशी नको.

सुट्टीत ड्रोन घरी न्यायचा विचार असेल तर थांबा. फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आणि मुंबईला कस्टम्समध्ये तो काढून घेतला जाऊ शकतो. तिथे भावाचा ड्रोन उडवून तुमच्या खात्यात लॉग चढवलात, तर आजोळचं अंगणही तुमच्या घराशेजारी नकाशावर येईल. त्याला हे सांगून मगच चढवा. आणि वेळा यूटीसीमध्ये असतील तर गोंधळू नका: पहाटे पाचचं उड्डाण आदल्या रात्रीच्या साडेअकराचं दिसेल.