शेण जाळावें कीं शेतास द्यावें?

शेणखताचें मोल जाणणाऱ्या शेतकऱ्यासही जळणापुढें हात टेकावे लागतात. गडहिंग्लज भागांत ज्या घरीं अजून शेणी जाळून पाणी तापविलें जातें, तेथें उंसास हवा असलेला नत्र धुराबरोबर जातो व हातीं केवळ राख उरते. जपानांत एदो काळीं (१६०३–१८६८) शेतकरी शहरचा मैलाही दाम देऊन नेत. शेतांतून निघालें तें शेतास परतलें पाहिजे, हा त्यांचा हिशेब.

गोबरवायूच्या टाकींत जळण व खत हीं दोन्ही साधतात. समभाग शेण-पाणी कालवून हवाबंद टाकींत सोडलें असतां जंतूंच्या क्रियेनें ज्वालाग्राही मिथेन वायू निघतो. नत्र मात्र बाहेर येणाऱ्या रबडींत राहतो. १ किलो ताज्या शेणापासून सुमारें ४० लिटर वायू मिळतो. २ घनमीटरच्या टाकीस रोज सुमारें ५० किलो शेण लागतें. थंडींत वायू कमी निघतो, हें ध्यानांत धरावें.

यास्तव टाकी बांधण्यापूर्वीं गोठ्यांतील रोजचें शेण आठवडाभर वजन करून पाहावें व तेवढीच टाकी बांधावी. रबडी खड्ड्यांत मुरवून शेतास द्यावी, म्हणजे चूलही पेटेल आणि जमीनही उपाशी राहणार नाहीं.