मुठेचें पात्र व जुन्या कागदांची साक्ष

पेशवेकालीन कागदांत मुठेच्या पुराचा किंवा उताराचा उल्लेख आला म्हणजे वाचणारा सहजच लकडी पुलावर उभा राहून खालीं पाहतो, आणि कागदास अतिशयोक्तीचा दोष देतो. हा न्याय नव्हे. उन्हाळ्यांत तेथें दिसतें तें बहुतांशीं शहराचें सांडपाणी होय.

खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. पुढें वरच्या अंगास आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगांव व खुद्द मुठेवर टेमघर अशीं धरणें झालीं. आतां पावसाळ्याचें पहिलें पाणी जलाशय भरण्यांतच खर्चीं पडतें. ते भरून दरवाजे उघडले म्हणजे नदी एकाएकीं दुथडी वाहते, मिटले म्हणजे तितक्याच लवकर ओसरते. एरवीं तिचें पाणी पुणेकरांच्या नळांत, आणि उजव्या कालव्यानें हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील पिकांस जातें. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजेस तलाव बांधून भुयारी नळानें शहरांतील हौदांस पाणी आणलें खरें. पण तें आंबील ओढ्याचें होतें, मुठेचा ओघ त्यानें अडला नाहीं.

विहिरींचेंही असेंच आहे. आपल्याकडील काळ्या पाषाणांत पाणी राहतें तें वरच्या मुरुमांत व भेगांत. कालव्यांतून आणि भिजविलेल्या रानांतून पाझरलेलें पाणी तेथें उतरतें, व खालच्या विहिरी उन्हाळ्यांतही तग धरतात. नदी कोरडी पडली तर कांठच्या विहिरींस मिळणारा पाझर मात्र तुटतो. म्हणून शिलालेख असलेली एखादी विहीर कालव्याखालीं आढळल्यास तिच्या आजच्या पाण्यावरून बांधणाराच्या काळचें पाणी ठरवूं नये. पाझर अति झाला तर रानाचा नाशही होतो; नीरेच्या डाव्या कालव्याखालीं भूमिगत पाणी वर चढून कित्येक जमिनी चोपण झाल्या.

भिंतींवरील पूररेषांविषयीं विशेष सावध राहिलें पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण, बांधकाम पुरतें संपण्यापूर्वींच, फुटलें. पाठोपाठ खडकवासलाही फुटलें. त्या दिवसाची रेषा सांठविलेल्या पाण्याची आहे, पावसानें आलेल्या पुराची नव्हे. पेशवाईंतील पुराची उंची काढतांना ती प्रमाण धरल्यास हिशेब चुकेल. तेथें १८७९ पूर्वींचा मितीवार कागदच उपयोगीं, मग त्यांत पाणी कोणत्या पायरीस लागलें एवढेंच कां लिहिलेलें असेना.