बचावापुढची जागा

आमच्या पुलगावात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना विचारले, तर बहुतेकांना गोल मारायचा असतो. बचाव फळीच्या पुढे उभे राहायचे, समोरच्याचा हल्ला तिथेच मोडायचा, चेंडू काढून घेऊन जवळच्या साथीदाराला द्यायचा, हे काम कुणी मागून घेत नाही. या खेळाडूला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर म्हणतात. त्याच्या वाट्याला टाळ्या कमी आणि धावपळ जास्त. पण तो थकला की अख्खा संघ उघडा पडतो.

या जागेवरचे मोठे नाव फ्रान्सच्या एन्गोलो कान्टेचे. मालीतून फ्रान्सला आलेल्या मुस्लिम कुटुंबात तो जन्मला. वडील लहानपणीच वारले. अंगकाठी लहान म्हणून मोठ्या क्लबांनी त्याच्याकडे पाहिले नाही. खालच्या विभागात खेळता खेळता त्याने अकाउंटिंगचे शिक्षणही घेतले. पुढे २०१६ साली लेस्टर सिटीकडून आणि २०१७ साली चेल्सीकडून त्याने लागोपाठ इंग्लंडची लीग जिंकली. २०१८ मध्ये विश्वचषक हाती आला.

आपल्याकडे खालिद जमील यांची वाटचाल पाहण्यासारखी आहे. १९७७ साली कुवेतमध्ये जन्मलेले खालिद मुंबईत महिंद्रा आणि एअर इंडियाच्या मिडफिल्डमध्ये खेळले, भारताकडूनही खेळले. दुखापतींमुळे खेळ लवकर थांबला. २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. आधी बचाव भक्कम, मग झटपट प्रतिहल्ला, ही त्यांच्या संघांची ओळख बनली. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीने त्यांच्या हाताखाली, मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त मिळवून आय-लीग जिंकली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यानंतर ओमानला पेनल्टीवर हरवल्याचा आनंद मिळाला आणि आशिया चषकाची पात्रता हुकल्याचे दुःखही सोसावे लागले.

पालकांनी यातून काय घ्यावे? डेपो असो की रेल्वे, आमच्या पुलगावच्या घरांना पक्की नोकरी हवी असते आणि त्यात गैर काही नाही. पूर्वी कंपन्यांच्या संघांत खेळाबरोबर पगारही मिळे. महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला आणि तसा आधार आता कमी उरला आहे. गुडघा एकदा गेला की करार संपतो. म्हणून मुलाला अडवू नये, पण शाळाही सुटू देऊ नये. नागपूरचा यंग मुस्लिम, कामठीचा रब्बानी हे जुने क्लब रेल्वेने गाठता येतात. तिथला खेळ त्याला एकदा दाखवून आणावा. दहावी-बारावीनंतर खेळाबरोबर प्रशिक्षकाचा परवाना, पंचाची परीक्षा किंवा फिजिओथेरपी यांपैकी एक वाट आधीच ठरवावी.

आणि मुलगा गोल न मारता घरी आला, तर "आज किती चेंडू अडवलेस?" एवढे जरूर विचारावे.