एम.एस्सी. ॲग्रीसाठी राहुरीच का?

बी.एस्सी. ॲग्री झालेल्या नगरच्या मुलामुलींना पुढचा पत्ता बहुधा घरचेच सांगतात: राहुरी. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चे, नगर-मनमाड रस्त्यावरच, सणावाराला घरी येता येते. हे सगळे खरे आहे. तरी पर्यायांचा क्रम भरण्याआधी, दोन वर्षे कोणत्या पिकाच्या कोणत्या प्रश्नाला द्यायची हे ठरवायला हवे.

राज्यातली चारही कृषी विद्यापीठे आपापल्या मुलखाच्या पिकांवर वाढली आहेत. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांखालची खारवट झालेली जमीन आणि तिच्यातला ऊस तुम्हाला छळत असेल, तर राहुरीच योग्य. खारवट जमिनीत तग धरणारा फुले २६५ हा वाण याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा. जामखेड-कर्जतच्या कोरडवाहू ज्वारीसाठीही सोलापूरचे केंद्र याच विद्यापीठाकडे आहे. पण शेवगावच्या कपाशीवर काम करायचे असेल तर अकोल्याचा विचार आधी करा. आंबा-काजूसाठी दापोली. परभणीचा अनुभव मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीचा.

यानंतरची निवड गाइडची, आणि माझ्या मते ती विद्यापीठाच्या नावाहून मोठी आहे. ‘कृषिकोश’ या संकेतस्थळावर देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेले आहेत. तिथे त्या विभागाचे अलीकडचे प्रबंध उघडा. प्रयोग कुठे घेतला? खताच्या मात्रा बदलून तोच विषय दरवर्षी फिरतो आहे, की एका कामातून पुढचा प्रश्न निघाला आहे? मग सीनियरना विचारा: प्लॉटला पाणी वेळेवर मिळते का, प्रयोगशाळेत नंबर लागतो का, प्रबंध जमा व्हायला किती रखडतो?

वेळेचे गणित फार महत्त्वाचे. गाइड ठरायला उशीर झाला की विषयाची मंजुरी लांबते, रब्बीची पेरणी हुकते आणि हातचा हंगाम जातो. उसाचे तर आणखी अवघड. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा, तो दोन वर्षांत कोर्सवर्क सांभाळून बसवणे कठीण. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस वर्षभरात तोडणीला येतो, तो कसाबसा बसतो.

पैशाची ओढाताण असेल तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची प्रवेशपरीक्षाही द्या. वरचा क्रमांक आला तर शिष्यवृत्ती मिळते आणि परराज्यातही प्रवेश घेता येतो. कुठेही जा, गाइडना पहिल्याच भेटीत विचारा: माझी पेरणी कोणत्या महिन्यात होईल?