कॅमिला: रोषापासून राज्याभिषेकापर्यंत
ब्रिटिश राजघराण्याविषयीचे लोकमत किती झपाट्याने फिरू शकते, हे ३१ ऑगस्ट १९९७ नंतरच्या आठवड्यात दिसले. युवराज चार्ल्स यांच्या घटस्फोटित पत्नी डायना पॅरिसमध्ये मोटार अपघातात गेल्या तेव्हा राणी एलिझाबेथ स्कॉटलंडमधील बालमोरल येथे होत्या आणि काही दिवस तेथेच राहिल्या. बकिंगहॅम राजवाड्यावरचा ध्वजस्तंभ रिकामाच होता. राणी मुक्कामी असतील तेव्हाच तेथे ध्वज चढवायचा, अशी तेव्हाची जुनी रीत होती. फाटकाबाहेर फुलांचे ढीग साचत होते आणि लोकांना तो रिकामा खांब म्हणजे धडधडीत बेपर्वाई वाटली. ५ सप्टेंबरला राणींनी दूरचित्रवाणीवरून थेट भाषण केले. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्काराच्या वेळी राजवाड्यावर राष्ट्रध्वज अर्ध्यावर आला. राग बराचसा निवळला.

चार्ल्स यांच्या प्रेयसी कॅमिला यांच्यावरचा राग मात्र इतक्या सहजी जाणारा नव्हता. चार्ल्स-डायना यांचा संसार मोडल्याचा ठपका त्यांच्या माथी होता. ९ एप्रिल २००५ रोजी चार्ल्सशी विवाह झाल्यावर त्यांनी डायनांच्या नावाशी जोडलेला ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ हा किताब वापरला नाही. चार्ल्स राजे झाले तरी त्या राणी म्हणवून घेणार नाहीत, असेही त्या वेळी सांगण्यात आले. ही सावधगिरी शहाणपणाची ठरली. पुढे हाडांचा ठिसूळपणा, वाचन, घरगुती हिंसा अशा विषयांवर त्या गाजावाजा न करता काम करत राहिल्या. मुलाखतींपेक्षा या चिकाटीचाच उपयोग अधिक झाला असावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये खुद्द एलिझाबेथ यांनी कॅमिलांना राणी म्हटले जावे, अशी इच्छा जाहीर केली. ६ मे २०२३ रोजी चार्ल्स यांच्यासोबत त्यांचाही राज्याभिषेक झाला.