चोचीत व्यंग असलेल्या पिल्लाची जोपासना : नंदुरबार जिल्ह्यातील परसातील कुक्कुटपालनाच्या संदर्भात

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात कुक्कुटपालनाची दोन भिन्न रूपे आढळतात. नवापूर परिसरात अंड्यांसाठी हजारो कोंबड्या पाळणाऱ्या व्यावसायिक शेड आहेत, तर अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील पाड्यांवर भिल्ल, पावरा कुटुंबांच्या अंगणात मोजक्या गावठी कोंबड्या असतात. वाकड्या चोचीचे पिल्लू सांभाळणे शेडला परवडत नाही. पाड्यावर मात्र खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी असतात. त्यांतील काही फुटत नाहीत, काही पिले घार नेते. उरलेल्या प्रत्येक पिल्लाला तेथे मोल असते.

वरची व खालची चोच एकमेकींवर न बसता कात्रीच्या पात्यांप्रमाणे ओलांडली जाणे, हे यातील नेहमीचे व्यंग होय. आनुवंशिक दोष, उबवणीच्या काळातील तापमानाचा चढउतार, बायोटिन किंवा मँगॅनीजची कमतरता अथवा इजा ही त्याची कारणे संभवतात. ते जन्मतः दिसेलच असे नाही. कवटी एका बाजूस अधिक वाढू लागली की काही आठवड्यांनी उघड होते. (शेडमध्ये लेअर पिलांच्या चोची तापलेल्या पात्याने मुद्दाम आखूड करतात, ते अर्थातच व्यंग नव्हे.)

हे व्यंग संसर्गजन्य नाही, हे येथे विशेष सांगणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापुरात नोंदला गेला व २०२१ मध्ये तो तेथे पुन्हा झाला. त्यामुळे पक्ष्यातील कोणत्याही विकृतीविषयी भीती वाटणे स्वाभाविक आहे. अनेक पक्षी एकाएकी मरू लागल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे; एका पिल्लाच्या वाकड्या चोचीचा त्याच्याशी संबंध नसतो.

असे पिल्लू बहुधा व्यंगाने नव्हे, भुकेने मरते. चोचीचा चिमटा जुळत नसल्याने टिपलेला दाणा निसटतो. पहिले दोन-तीन दिवस पिल्लू पोटातील बलकावर निभावते, म्हणून उपासमार उशिरा लक्षात येते. संध्याकाळी गळ्याखालील अन्नपिशवी हलकेच चाचपावी. ती रिकामी असेल तर पिल्लू दिवसभर केवळ चोच आपटत राहिले असे समजावे. मका किंवा ज्वारीचा बारीक भरडा पाण्यात घट्ट कालवून खोल वाटीत अथवा करवंटीत, पिल्लाच्या छातीच्या उंचीवर ठेवल्यास ते चोचीने उपसून खाऊ शकते. पाण्याचे भांडेही चोच बुडेल इतके खोल असावे, मात्र पिल्लू त्यात पडणार नाही असे. भावंडे रेटून बाजूला करतात, म्हणून खाण्यापुरते त्यास वेगळे डालग्याखाली ठेवावे आणि नंतर उबेसाठी आईकडे सोडावे. ओला भरडा उन्हाळ्यात लवकर आंबतो. शिळे उरलेले काढून टाकावे, बुरशी आलेला मका तर वापरूच नये.

चोचीची टोके झिजत नसल्याने ती वाढत जातात. उजेडात पाहिले असता आतील रक्तवाहिन्यांचा गुलाबी भाग दिसतो. तो टाळून केवळ टोक नखे कापण्याच्या साधनाने थोडे थोडे कापावे. रक्त आल्यास मक्याचे पीठ दाबून धरावे. कापल्याने चोच सरळ होत नाही. काही आठवड्यांनी तेच पुन्हा करावे लागते. चोचीने पिसे नीट साफ करता येत नसल्याने उवा व पिसवा वाढतात. राख मिसळलेल्या कोरड्या मातीत लोळण्याची सोय असावी.

अशी कोंबडी पुढे अंडी देऊ शकते. ती खाण्यास योग्य असतात. उबवणीस मात्र ठेवू नयेत, आणि व्यंग असलेला कोंबडा पैदाशीसाठी राखू नये.