हिवाळी टायर: नक्षी की रबर?

थंड प्रदेशांत हिवाळा तोंडावर आला की मोटारींचे चारही टायर बदलतात आणि वसंतात जुने पुन्हा चढवतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. या टायरांची नक्षी जास्त खोल असते, एवढाच फरक असावा असे आपल्याला वाटते. पण मुख्य फरक रबरात आहे.

रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. या साखळ्या हलत्या असतात तोवर रबर लवचिक राहते आणि रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात शिरून पकड घेते. तापमान उतरले की साखळ्यांची हालचाल मंदावते. १९८६ साली चॅलेंजर यानाच्या अपघाताच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढल्यावर तो लगेच पूर्ववत झाला नाही. उन्हाळी टायरचेही असेच होते. सुमारे ७ अंश सेल्सियसखाली त्याची पकड कमी होऊ लागते. (७ हा आकडा ढोबळ आहे, बदल हळूहळू होतो.) हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहील असे केलेले असते. त्यात सिलिकाही वापरतात.

नक्षीचेही काम आहेच. रबराच्या ठोकळ्यांवर पातळ चिरा असतात. ठोकळे वाकतात, चिरांच्या कडा पृष्ठभागात रुततात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ थर चिरांत ओढला जातो. खोल खाचांत भुसभुशीत हिम दाबून बसते, आणि हिमाला हिम चांगले चिकटते.

आता थोडे गणित करू. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेपर्यंतचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षण गुणांक × गुरुत्व त्वरण). ताशी ५० किमी वेग घ्या. कोरड्या रस्त्यावर गुणांक ०.८ मानला तर अंतर सुमारे १२ मीटर येते. बर्फावर तो ०.१ मानला तर ९८ मीटर! चांगल्या टायरमुळे तो ०.१५ झाला असे धरू. अंतर ६६ मीटर होते. ही गाडी थांबते त्या जागी पहिल्या गाडीचा वेग अजून ताशी २९ किमी असतो. समोर रस्ता ओलांडणारा माणूस असेल तर? सूत्रात वस्तुमान का नाही, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे.

चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी गाडी बर्फावर सहज निघते, म्हणून चालक निर्धास्त होतो. पण थांबताना ती शक्ती उपयोगी नसते, टायरच लागतो. फक्त पुढचे दोन टायर बदलणेही धोक्याचे, कारण मग मागची चाके घसरून गाडी गर्रकन फिरते.

पूर्वी खिळ्यांचे टायर बरेच वापरात होते. ते गुळगुळीत बर्फावर उत्तम, पण उघडा रस्ता खरवडून धूळ उडवतात. या धुळीमुळेच जपानने १९९० साली त्यांच्याविरुद्ध कायदा केला.

हे टायर आपल्या उन्हात वापरले तर? मऊ रबर भराभर झिजेल आणि तापलेल्या डांबरावर ब्रेक लावताना गाडी उन्हाळी टायरपेक्षा पुढे जाऊन थांबेल.